चालती गाडी पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते? कार्बोरेटर खोलायच्या आधी हे करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दुचाकी सकाळी एका किकमध्ये चालू होते, अर्धा तास मस्त पळते, मग 60-70 च्या स्पीडला एकदम ओढणं सोडते, दोन-चार गचके देते आणि रिझर्व लागल्यासारखी बंद पडते. रेस कमी केली की थोडी सावरते, चोक ओढला तर अजून थोडं अंतर जाते, आणि दहा मिनिटं बाजूला उभी केली की काही झालंच नव्हतं अशी परत चालू. कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) दोनदा साफ करून झाला, प्लग नवा टाकला, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतोय अख्खा कार्बोरेटरच बदला आणि तुम्हाला तर लांबच्या प्रवासाला निघायचंय.

बदलू नका, निदान आत्ता तरी नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात कार्बोरेटरचा दोष असण्याची शक्यता मला कमी वाटते, दोष त्याच्या वर आहे, म्हणजे टाकीचं झाकण, पेट्रोल कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ), पाईप, फिल्टर यातलं काहीतरी. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये लोक पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूला घालतात आणि तिथेच सगळा घोळ होतो, कारण मूळ दोष तसाच राहतो आणि वरून चांगली बसलेली सेटिंग पण बिघडते. पेट्रोल वरून खाली येतं, तर तपासणी पण वरून खालीच करायची.

आधी एक हिशोब बघा, त्याने बरंच काही उलगडतं. समजा गाडी लीटरला 45 किलोमीटर देते आणि तुम्ही ताशी 60 ने चाललाय, तर तासाला सव्वा लीटरपेक्षा थोडं जास्त पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला साधारण 22 मिली. अजून जोरात पळवली, चढ आला, मागे माणूस बसलाय, तर 40 च्या घरात जातं. आता कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे फ्लोट बाऊलमध्ये, छोट्या सिंगल सिलिंडर गाडीला पेट्रोल मावतंच किती, तर जेमतेम 40-50 मिली धरा, आणि तेही सगळं वापरता येत नाही. म्हणजे वरून येणारं पेट्रोल पूर्ण थांबलं तर गाडी दीड-दोन मिनिटांत बसणार. पूर्ण थांबलं नाही पण बारीक झालं, मिनिटाला 10-12 मिलीच येतंय, तर गावातल्या स्पीडला काही कळणार पण नाही, मोकळ्या रस्त्यावर रेस दिली की मात्र वाटी हळूहळू रिकामी होत जाते आणि गाडी मरते. मग तुम्ही बाजूला घेता, इंजिन बंद असल्यामुळे खर्च शून्य, तीच बारीक धार दहा मिनिटांत वाटी भरून टाकते, गाडी चालू. तुमच्या गाडीत हेच होतंय असं मला वाटतं. जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा अडकला असता तर तो उभं राहून निघून गेला नसता, स्लो (रेस न देता इंजिन चालू राहणं) तरी कायमचा खराब झाला असता नाहीतर टॉप तरी.

चोकने थोडी पुढे जाते हा पण चांगला पुरावा आहे. चोक म्हणजे वाटीतून जादा पेट्रोल ओढायची वेगळी वाट (काही गाड्यांमध्ये हवा दाबणारी पट्टी असते, परिणाम तोच), त्यामुळे चोकने सुधारली म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. चोकने अजून बिघडली, काळा धूर आला, तर उलटं, पेट्रोल जास्त होतंय. एवढी एक गोष्ट रस्त्यात बघितली तरी अर्धी दिशा ठरते.

एक शंका मात्र आधीच बाजूला काढा. तापल्यावर मरणारी आणि थंड झाल्यावर परत जिवंत होणारी दुसरी वस्तू म्हणजे इग्निशन कॉइल, पल्सर कॉइल किंवा सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणारे भाग. तिचा दोष असाच अर्ध्या तासाने येतो त्यामुळे भलेभले फसतात. फरक असा की करंट गेला की गाडी बटण बंद केल्यासारखी एकदम मरते, आणि पेट्रोल तुटलं की आधी ओढणं कमी होतं, मग गचके, मग बंद, रेस कमी केली की थोडी सावरते पण. तुमची सावरते म्हणताय. तरी पुढच्या वेळी बंद पडल्या पडल्या लगेच प्लग काढून बघा, (गरम असतो, फडक्याने धरा), कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये. स्पार्क बघायचा असेल तर वाटी उघडायच्या आधी बघा आणि प्लगच्या भोकापासून लांब टेकवून बघा, पेट्रोलचा वास असताना ठिणगी पाडायची नाही, कधीच नाही.

आता खरी परीक्षा. याला एक स्क्रू ड्रायव्हर आणि पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली एवढंच लागतं, आणि रस्त्यात करण्यासारखं याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे. गाडी बंद पडली की सुरक्षित बाजूला घ्या, इग्निशन बंद करा, आणि टाकीचं झाकण उघडू नका. हो, उघडू नका, कारण झाकण उघडलं की पुरावा गेला. आधी कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी जो ड्रेन स्क्रू असतो तो शोधा, त्याचाच बारीक पाईप खाली लोंबत असतो, त्या पाईपचं टोक बाटलीत घाला, कॉक चालू ठेवा आणि स्क्रू दीड-दोन फेरे सैल करा, पूर्ण काढायची गरज नाही. सायलेन्सर तापलेला असतो, त्याच्यावर थेंबही पडता कामा नये, आजूबाजूला कोणी सिगारेट ओढत असेल तर लांब पाठवा.

आता नुसती धार आली म्हणून खूश होऊ नका, पहिली येणारी धार ही वाटीतच साठलेल्या पेट्रोलची असते. ती ओसरू द्या. त्यानंतर जे येतं ते टाकीतून येतं, बघायचं ते हेच. सलग धार येत राहिली, मिनिटभरात बाटलीत चांगलं 150-200 मिली जमलं, तर वरचा रस्ता मोकळा आहे, मग कार्बोरेटरकडे वळा. मिनिटभरात 100 मिलीही जमलं नाही, धार बारीक होत होत थेंबांवर आली, तर अडथळा वर आहे. आणि थेंब पडत असतानाच, स्क्रू उघडाच ठेवून, आता टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि धार डोळ्यांसमोर जाड झाली, तर दोष सापडला, झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. झाकण उघडूनही धार तशीच रडत राहिली तर झाकण निर्दोष, मग कॉक, पाईप, फिल्टर किंवा फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी).

एक महत्त्वाचं, तुमच्या गाडीला व्हॅक्यूमवाला, म्हणजे चालू इंजिनाच्या ओढीने उघडणारा कॉक असेल, ज्याला ऑफ नसतं आणि ऑन, रिझर्व, प्राइम असं असतं, तर इंजिन बंद असताना ऑनवर पेट्रोल येणारच नाही, तो दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. ही परीक्षा प्राइमवर करायची, तिथे इंजिन बंद असतानाही पेट्रोल येतं. आणि प्राइमवर गाडी व्यवस्थित पळते पण ऑनवर मरते असं असेल तर कॉकमधला पडदा किंवा त्याला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी गेलीय. प्राइमवर ठेवून घरी जाता येतं, फक्त उभी करताना आठवणीने परत ऑनवर आणायचं. हा पडदा फाटला तर पेट्रोल त्या बारीक नळीतून थेट इंजिनात जातं, त्यामुळे नळी काढून बघा, तिच्यात पेट्रोल दिसलं तर समजून जा.

झाकणाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते कोणी बघतच नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गचके खात येतं आणि दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, टाकीचं पण तसंच आहे, जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी. आपल्या साध्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांना पेट्रोल पंप नसतो, पेट्रोल नुसतं वजनाने खाली येतं, आणि टाकी ते कार्बोरेटर ही उंची साधारण 20-30 सेंटीमीटर, तेवढ्या पेट्रोलचा दाब म्हणजे हवेच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के. म्हणजे टाकीत अगदी थोडा व्हॅक्यूम तयार झाला तरी धार थांबते. आणि यातूनच एक फार कामाची खूण निघते. टाकी फुल्ल असताना वर हवा कमी असते, त्यामुळे थोडं पेट्रोल गेलं तरी दाब पटकन पडतो, म्हणून भोक बुजलेली गाडी टाकी फुल्ल केल्यावर लवकर बंद पडते. याच्या उलट गाळणीत किंवा फिल्टरमध्ये कचरा असेल तर टाकी कमी होत गेली की त्रास वाढतो, कारण वरचं वजन कमी झालं. तुम्ही आठवून बघा, टाकी भरल्यावर त्रास लवकर होतो का टाकी उतरल्यावर. अजून एक, परत चालू झाल्यावर ती पुन्हा अर्धा तास पळते की दोन-तीन किलोमीटरवर परत बसते? झाकण उघडल्यावर पुन्हा अर्धा तास पळत असेल तर झाकणच. झाकण उघडूनही लगेच बसत असेल तर नुसती वाटी भरली होती, अडथळा कायम आहे.

भोक बुजतं कशाने, तर धूळ, गंज, गाडी पुसताना लावलेलं पॉलिश, कधी टाकीवर बांधलेली बॅग झाकणाला घट्ट चिकटलेली असते, कधी पावसाचं कव्हर. टाकीच्या बाजूने हवेची नळी खाली येत असेल तर ती टाकी बसवताना दबली गेलेली असते. रस्त्यात झाकण काढा, आतल्या बाजूचं बारीक छिद्र शोधा, बारीक तारेने मोकळं करा आणि तोंडाने फुंका, हवा आरपार गेली पाहिजे. (काही झाकणांत एकाच दिशेने हवा सोडणारी झडप असते, तिथे बाहेरून आत फुंकायचं.) जमलंच नाही तर दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून झाकण उघडून लावत घरी जा. झाकण सैल ठेवून पळवायचा सल्ला बरेच जण देतात, मी देत नाही, ब्रेक मारला की पेट्रोल उसळून गरम इंजिनावर येतं.

झाकण निर्दोष ठरलं असेल तर कॉक. कॉकला टाकीच्या आत दोन तोंडं असतात, ऑनचं उंच आणि रिझर्वचं अगदी तळाला. रिझर्वला टाकल्यावर गाडी सुधारली आणि टाकीत पेट्रोल मात्र भरपूर आहे, तर ऑनच्या तोंडाची जाळी भरलीय, तात्पुरतं रिझर्ववर चला. पण तळाचं तोंड म्हणजे गंज आणि पाणी पण तिथूनच येणार हे लक्षात ठेवा. अशा जाळीचा एक वैताग म्हणजे कचऱ्याचा तुकडा पेट्रोलच्या ओढीने तोंडाशी चिकटतो आणि गाडी थांबली की परत खाली पडतो, त्यामुळे हा दोष पण आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो. कॉकच्या खाली छोटी वाटी असेल तर ती उघडून बघा, तिथे साठलेला गाळच सगळं सांगतो.

पाईप कोणी टाकी काढून परत बसवली की दुमडतो, हे नुसतं हात फिरवून कळतं. जुना पाईप आतून फुगलेला असतो, बाहेरून चांगला दिसतो. आणि तुमच्या गाडीला कोणी वरून बसवलेला जादा फिल्टर आहे का? असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर. पंपाच्या गाडीसाठी बनवलेला दाट कागदी फिल्टर नुसत्या वजनाच्या पेट्रोलला नीट सोडत नाही, त्यात तो इंजिनाला चिकटून आडवा बसवला असेल तर आत वाफेचा बुडबुडा अडकतो आणि धार अजून बारीक होते. रस्त्यात तो सरळ काढून टाका आणि पाईप थेट जोडा, कॉकची जाळी आहे तोवर दोन दिवसांत काही बिघडत नाही. गरमीत, ट्रॅफिकमध्ये रखडल्यावरच त्रास होत असेल तर पाईप सिलिंडर हेडला टेकलाय का बघा, लांब बांधा, पाईपवर ओलं फडकं गुंडाळा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका.

बाटलीत काढलेलं पेट्रोल टाकून देऊ नका, दोन मिनिटं स्थिर ठेवून उजेडात बघा. तळाला गोळ्यांसारखे थेंब किंवा वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, 10 टक्के इथेनॉल असेल तर साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, त्याच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होऊन तळाला बसतो आणि नेमका तोच कार्बोरेटरमध्ये आधी येतो. पाणी सापडलं तर वाटी दोन-तीनदा रिकामी करा, कॉकची वाटी धुवा, धार स्वच्छ येईपर्यंत थोडं पेट्रोल वाया जाऊ द्या.

धार झाकण उघडूनही बारीक, पाईप कार्बोरेटरपासून सोडला तर मात्र भरभरून येते, तेव्हा कुठे कार्बोरेटर. पहिली संशयित फ्लोटची सुई. वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके चार-पाच ठोके द्या, अडकलेली सुई बऱ्याचदा तेवढ्याने सुटते. ती उघडी अडकली तर उलटं, ओव्हरफ्लोच्या पाईपातून पेट्रोल गळतं, तेव्हा कॉक बंद करा, ड्रेन उघडा, मग ड्रेन उघडाच ठेवून कॉक दोन-चार सेकंद चालू करा म्हणजे सुईच्या तोंडाचा कण वाहून जातो. रात्रभर असं गळलेलं असेल आणि सकाळी किक दगडासारखी लागली तर जोर लावू नका, सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असू शकतं, प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून मग किक मारा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, लेव्हल वाढलेली असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, बेअरिंगं जातात.

जेटचं म्हणाल तर रेस किती उघडल्यावर त्रास होतो ते बघा. स्लो टिकत नाही, रेस धरून ठेवावी लागते, तर पायलट जेट. मध्ये ठीक पण पूर्ण रेसला भकभकते तर मेन जेट. मधल्या भागात स्लाईडची सुई (रेस दिली की वर उचलली जाणारी, फ्लोटची नव्हे) काम करते. पायलटचं भोक मिलीमीटरच्या अर्ध्यापेक्षाही बारीक असतं, त्यामुळे बारीकसा कण पुरतो. वाटीचे स्क्रू मऊ असतात, मापाचाच स्क्रू ड्रायव्हर दाबून धरून फिरवा, खाली फडकं अंथरा. जेट आकाशाकडे धरून आरपार बघा, गोल स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. फुंकून निघालं तर उत्तम, नाहीतर वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा चालेल. सुई किंवा पोलादी तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट कायमचा गेला.

मिक्सरचा स्क्रू, म्हणजे स्लोला हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा, रस्त्यात हलवूच नका. काही कार्बोरेटरमध्ये तो हवेचा असतो, एअर फिल्टरच्या बाजूला, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी), काहींत पेट्रोलचा, इंजिनाच्या बाजूला, तिथे बाहेर काढला की घट्ट होतं (पेट्रोल जास्त), आणि आपला कुठला हे माहीत नसताना फिरवला तर पुढचा सगळा तपास चुकीच्या वाटेने जातो. काढायलाच लागला तर आधी हलक्या हाताने आत घेत फेरे मोजून लिहून ठेवा. मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणारं रबर मात्र जरूर बघा, रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल तर तिथे चीर असते नाहीतर क्लॅम्प सैल असतो.

प्रवासात उंच घाट असेल तर तिथे जे होईल ते वेगळं. 3000 मीटरवर हवा जवळपास पाव हिस्सा विरळ होते, पेट्रोल त्या मानाने जास्त पडतं, गाडी ओढत नाही, प्लग काळा होतो. तिथे चोक लावू नका, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, गिअर खाली ठेवून चढवा. दोन दिवसांच्या चढासाठी जेट बदलायच्या मागे लागू नका.

निघण्यापूर्वी बरोबर घ्या: प्लगचा पाना आणि एक जादा प्लग, वाटीच्या स्क्रूच्या मापाचा आखूड स्क्रू ड्रायव्हर, फूटभर पेट्रोलचा पाईप आणि दोन क्लिपा, केबल टाय, फडकं, तांब्याच्या वायरचा तुकडा, पारदर्शक बाटली. आणि हे सगळं घरी एकदा थंड गाडीवर करून बघा, ड्रेन स्क्रू कुठे आहे आणि तो तुमच्या स्क्रू ड्रायव्हरने सुटतो का हे रस्त्यात अंधारात शोधायची वेळ येऊ देऊ नका. तो स्क्रू बऱ्याच गाड्यांत वर्षानुवर्षं उघडलेलाच नसतो, अडकून बसतो.

उद्याच टाकी फुल्ल करून मोकळ्या रस्त्यावर न्या, मुद्दाम बंद पडू द्या आणि झाकण न उघडता बाटलीची परीक्षा करा. धार किती आली, झाकण उघडल्यावर वाढली की नाही आणि वरून बसवलेला फिल्टर आहे का, एवढ्या तीन गोष्टी कळवा, मग कॉक उतरवायचा की नाही ते सांगतो.